पारशी धर्म नेमका काय सांगतो? ते अग्नीची पूजा करतात का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या पारशी सहकाऱ्याला त्याचा धर्म विचारला, तर तो "चांगलं वागायचं, बस" म्हणाला आणि चहाला निघून गेला. एवढंच असतं का, असं तुम्ही विचारताय. खरं सांगायचं तर त्याने उत्तर बरोबर दिलंय, फक्त फार आखडतं घेतलंय. मी पारशी नाही. दादरला पारशी कॉलनीच्या शेजारी वाढलो, आणि पुढे उत्सुकतेपोटी जे हाती लागलं ते वाचत गेलो. तेवढ्या बळावर लिहितो.

आधी अग्नीचं. आपण समईसमोर हात जोडतो तेव्हा तेलवातीची पूजा करतो असं कुणी म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? तसंच आहे हे. देव एकच, अहुरा मज्दा. आतश, म्हणजे अग्नी, हे त्याच्या प्रकाशाचं आणि सत्याचं दृश्य रूप. आतश बेहराम हा सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी सोळा ठिकाणचे अग्नी शुद्ध करून, एकत्र आणून सिद्ध करतात; त्यात वीज पडून पेटलेला अग्नीही लागतो. भारतात असे आठच आहेत: मुंबईत चार, सुरतेला दोन, नवसारीला एक आणि उदवाड्याचा इराणशाह. दिवसाच्या पाच प्रहरांना दस्तूर, म्हणजे पारशी पुरोहित, त्याला चंदनाचं लाकूड अर्पण करतात. बिगर-पारशांना आत जाता येत नाही, त्यामुळे मीही बाहेरूनच पाहिलंय.

आता "चांगलं वागायचं". त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. या धर्माचा प्रेषित झरथुष्ट्र. त्याच्या गाथांत, म्हणजे स्तोत्रांत, यस्ना या प्रार्थनाग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात, दोन आदिप्रवृत्तींचं वर्णन येतं. एकीने जीवन निवडलं, दुसरीने त्याचा नाश. माणसालाही तीच निवड करायची असते, प्रत्येकाने स्वतःपुरती. एका बाजूला अष, दुसऱ्या बाजूला द्रुज. अष म्हणजे वेदातलं ऋत: सत्य आणि सृष्टीची नीट घडी, दोन्ही एकात. द्रुज म्हणजे खोटेपणा. आपला 'द्रोह' त्याच्याच कुळातला. आपल्याकडे दुःखाचा हिशेब बहुतेक वेळा मागच्या जन्माच्या खात्यावर टाकतात. इथे तसं खातंच नाही. वाईट देवाने दिलेलं नाही, तुमच्या पूर्वकर्मानेही आलेलं नाही. ते शत्रूचं, म्हणजे नाश निवडणाऱ्या त्या प्रवृत्तीचं आहे आणि त्याला हटवण्याच्या कामात देवाला तुमचा हात हवा आहे. मला या धर्मातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

म्हणजे देव दोन झाले का? हा वाद मुंबई-पुण्यातच रंगला. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ साली याच मुद्द्यावर पारशांवर तोफ डागली. पुढे पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने १८६२ साली मांडलं की गाथांमध्ये देव एकच आहे, त्या दोन प्रवृत्ती त्याच्या हाताखालच्या. थेट देव विरुद्ध अहरिमन (त्या नाशक प्रवृत्तीचं पुढचं नाव) हा सामना नंतरच्या ग्रंथांतला. पारशांना हे अर्थातच आवडलं. आजही बरेच जण तेच सांगतात.

रोजच्या वागण्यात हे उतरतं ते हुमत, हुख्त, हवर्श्त या तिघांतून: चांगला विचार, चांगला शब्द, चांगली कृती. नवजोत (धर्मदीक्षा, आपल्या मुंजीसारखी) झालेलं मूल अंगात सुद्रेह हा पांढरा मलमलीचा सदरा घालतं. त्याला गळ्यापाशी एक इवलासा खिसा असतो, तो सत्कर्मं साठवायचा. कमरेला कुस्ती नावाची पवित्र दोरी, मेंढीच्या लोकरीच्या ७२ धाग्यांची. यस्नाचे अध्यायही ७२. ती तीन वेढे घेऊन बांधतात, आणि प्रार्थनेत अहरिमनचं नाव आलं की तिची टोकं झटकतात. आमच्या शेजारच्या आंटी गॅलरीत कुस्ती करताना तो झटका असा देत की लहानपणी मला वाटे, माशा हाकलतायत!

कर्तव्यं मग अगदी जमिनीवरची आहेत. खोटं बोलू नये. पाणी, माती, अग्नी विटाळू नये. कुत्र्याला जीव लावावा (वेंदिदाद या शुद्धीच्या नियमांच्या ग्रंथात कुत्र्यांसाठी चक्क नियम आहेत). शेती करावी, धान्य पेरतो तो अष पेरतो, असं तोच ग्रंथ म्हणतो. संन्यास, देहदंड यांना मान नाही. उपास जवळजवळ नाहीतच. बहमन हा पशूंचा रक्षक, म्हणून त्याच्या महिन्यात अनेक जण मटण-कोंबडी सोडतात, इतकंच. दान मात्र मोठं. जे. जे. हॉस्पिटल हे नाव रोज घेताना त्यातले जमशेदजी जीजीभॉय आपल्याला आठवतही नाहीत.

मेल्यावर चौथ्या पहाटे आत्मा चिन्वत पुलापाशी येतो, तिथे कर्मांचं वजन होतं. (घरात तोवर मांस नाही, चौथ्या दिवशी धानसाक, म्हणजे डाळ-मटण. म्हणून लग्नाच्या जेवणात धानसाक मागू नका.) नरक आहे, पण कायमचा नाही. शेवटी सगळी सृष्टी शुद्ध होते, नरकातले लोकसुद्धा.

आता एक अडचणीची जागा. माती, पाणी, अग्नी विटाळायचे नाहीत म्हणून देह दोखम्यात, म्हणजे उघड्या गोल बुरुजात, गिधाडांसाठी ठेवायचा. पण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडंच संपत आली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. मुंबईत हे दोखमे आहेत त्या डुंगरवाडीवर आता ऊन एकवटणारे आरसे लावून काम भागवतात, आणि २०१५ पासून वरळीला दहन करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह आहे. ज्या अग्नीला विटाळायचं नाही त्यालाच देह द्यायचा का, यावर एकाच घरात दोन मतं असतात. सहकाऱ्याला बाकी काहीही बिनधास्त विचारा, हा विषय मात्र त्याने स्वतः काढला तरच.