पट्टी दुप्पट, काच चौपट

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. 'दोन समरूप आयतांची क्षेत्रफळे ९६ व १५० चौसेमी. लहान आयताची लांबी १२ सेमी, तर मोठ्याची किती?' तिनं १८.७५ काढलं, मीही तेच. उत्तर १५ छापलंय. चुकतंय कुठं?
— एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही दोघांनी १५० ला ९६ नं भागून १२ नं गुणलंत, म्हणजे क्षेत्रफळाचं गुणोत्तर सरळ लांबीला चिकटवलंत. ताळा करून बघा. लहान आयताची रुंदी ८. समरूप म्हणजे लांबी-रुंदी एकाच पटीनं वाढलेली, म्हणून त्याच पटीनं मोठ्याची १२.५. गुणाकार २३४ च्या वर जातो. १५० कुठं राहिले?

आमच्या वडिलांचं पापाच्या तिकटीजवळ फोटो फ्रेमचं दुकान होतं. देवाचा ४ बाय ६ इंची फोटो ८ बाय १२ करून आणलेलं गिऱ्हाईक काचेचे पैसे ऐकून हमखास तापायचं, "फोटो दुप्पट, मग काच चौपट कशी हो?" वडील वाद घालायचे नाहीत. मोठ्या फोटोवर छोट्या मापाचे चार पुठ्ठे मांडून दाखवायचे. फ्रेमची कडेची पट्टी मात्र २० इंचांच्या जागी ४०, म्हणजे दुप्पटच लागायची. (तरी घासाघीस व्हायचीच, ते सोडा.)

तर ९६ : १५० म्हणजे १६ : २५. क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग असतं. बाजू हव्यात, म्हणून वर्गमूळ घ्या : ४ : ५. मोठा आयत १५ बाय १०. पुस्तकात हा नियम त्रिकोणांसाठी दिलाय, पण आयताला कर्ण मारला की दोन त्रिकोणच होतात.

समरूपता नुसत्या नजरेनं ठरवू नका. ४ बाय ६ फोटोभोवती सगळीकडून १ इंच माउंट सोडलं की बाहेरचं माप ६ बाय ८ होतं, आणि २ : ३ चं ३ : ४. वडिलांची कसोटी सोपी होती. छोटा आयत मोठ्याच्या एका कोपऱ्याला, लांब बाजूला लांब बाजू लावून ठेवायचा आणि त्याच कोपऱ्यातून मोठ्याच्या कर्णावर दोरा ताणायचा. छोट्याचा समोरचा कोपरा दोऱ्याखाली आला तर समरूप.

तुमचा १८.७५ बाय १२.५ चा आयतही याच दोऱ्याला लावा. तो समरूपच निघेल! म्हणून तर तुम्हाला शंका आली नाही. तो फक्त १५० चा नाही.