बर्फ गोठलेलाच असतो, मग तो हाताने उचलून पेयात टाकला तर काय बिघडते? हातमोजे घातले तर चालते का?

बिघडते. हा प्रश्न मला बोचला, कारण पेयांच्या काउंटरवर काम करत असताना ‘बर्फात जंतू जगतात कुठे?’ हे वाक्य मी आमच्या मालकांच्या तोंडून रोज ऐकत असे. गोठल्याने जंतूंची वाढ थांबते, पण त्यांतले बरेचसे तग धरून राहतात आणि बर्फ वितळताच पेयात उतरतात. पेयातले मद्य त्यांचा बंदोबस्त करते, हाही भ्रमच आहे. 1987 साली अमेरिकेत पुराचे पाणी शिरलेल्या विहिरींवर चालणाऱ्या कारखान्याच्या बर्फामुळे अनेक लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले होते. त्यामागचा नॉरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू गोठण्याला दाद देत नाही.

एका गर्दीच्या संध्याकाळी नव्या मुलाने घाईघाईत स्कूपऐवजी ग्लासच बर्फाच्या पेटीत खुपसला आणि तो वर आला तेव्हा काठाचा नखाएवढा टवका उडालेला होता. बर्फात काच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी कोणालाही न विचारता पेटीत गरम पाणी ओतले, सगळा बर्फ वितळवला, तळ पुसून काढला आणि तोवर गिऱ्हाइकांना बिनबर्फाची पेये दिली. मालकांनी सर्वांदेखत माझी नासाडखोर म्हणून संभावना केली आणि बर्फाचे पैसे पगारातून कापले. तळाशी सापडलेला टवका मी कागदात गुंडाळून त्यांच्या गल्ल्यावर ठेवला. त्यांनी पुडी न उघडताच केरात टाकली.

तेव्हा हात नको आणि ग्लासही नको. स्कूप वापरावा, पण तो बर्फात रुतवून ठेवू नये, कारण मग हात लागलेली मूठच बर्फात लोळत राहते. बाटल्या गार करण्यासाठी वापरलेला बर्फ पेयात जाता कामा नये. आमच्याकडे तो सर्रास जात असे. बर्फाच्या यंत्राची आतली कड पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी. मी पुसली तेव्हा गुलाबी, बुळबुळीत थर निघाला आणि मालक म्हणाले, ‘पाण्याचाच चिकटा आहे.’ हातमोज्यांचे म्हणाल, तर ज्या मोज्यांनी नोटा मोजल्या त्यांच्यापेक्षा साबणाने धुतलेला हात बरा.

घरच्या बर्फाची मात्र एवढी धास्ती नको. पाणी पिण्याजोगे आणि ट्रे धुतलेला असला की पुरते. फक्त उलट्या-जुलाब झालेल्या माणसाने ते थांबल्यावरही निदान 48 तास ट्रेला हात लावू नये.