बारावीला केमिस्ट्रीत काठावर पास झालोय, तरी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊ का?

प्रश्नाखाली तू लिहिलं आहेस की दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला केमिस्ट्रीत लेखीला ७० पैकी ३१, प्रॅक्टिकलला ३० पैकी २८, गणित कच्चं, आणि पहिल्या वर्षाला केमिस्ट्री झेपेल का ही भीती. (बारावी झालेल्या मुलाला अहोजाहो करणं मला जमत नाही, तेव्हा तूच म्हणते.)

घे. पण त्या ३१ची काळजी करू नकोस, २८ची कर. प्रॅक्टिकलला ३० पैकी २८ कसे पडतात हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात एफवाय केलं. आज औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. मधल्या काळात बरंच विसरले, पण पहिल्या वर्षाचं एक प्रॅक्टिकल अजून लख्ख आठवतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं माप) द्रावण २५० मिली करायचं आणि त्याचं ब्युरेटमधल्या, म्हणजे खुणांच्या उभ्या नळीतल्या, तेवढ्याच तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेशन करायचं, म्हणजे रंग बदलेपर्यंत ते थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजायचं. मी सूत्रातले अणुभार मांडले, बेरीज आली ९०. आम्लाचे हायड्रोजन दोन, म्हणून भागिले २, आले ४५. ०.१ नॉर्मल आणि पाव लिटर, म्हणजे १.१२५ ग्रॅम. केमिकल बॅलन्सवर चिमट्याने वजनं ठेवत, श्वास रोखून तोललं. फ्लास्कमध्ये थेंबाथेंबाने खुणेपर्यंत पाणी भरलं. पिपेटने १० मिली काढलं, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून दाखवणारा इंडिकेटर) टाकलं आणि ब्युरेटची कळ सोडली. फिकट गुलाबी आलं ७.१ वर. दुसऱ्यांदा ७.१. तिसऱ्यांदा ७.२.

शेजारच्या टेबलावर ९.९, १०, १०. त्याच्या पलीकडेही १०.

मी खोडरबर काढलं. ९.९, १०.०, ९.९ असं लिहिलं आणि वही सरांपुढे ठेवली. सर वहीकडे बघत राहिले. मग काही न बोलता माझ्याच फ्लास्कमधलं १० मिली घेऊन त्यांनी स्वतः टायट्रेशन केलं. ब्युरेट ७.१ वर थांबलं. मला वाटलं आता वर्गासमोर शोभा होणार. त्यांनी विचारलं, "७.१ भागिले १० किती?" ०.७१. "आणि ४५ भागिले ६३?" करून बघितलं, ०.७१४. पण हे ६३ आलं कुठून ते कळेना. सरांनी ऑक्झॅलिकची बाटली माझ्याकडे फिरवली. लेबलवर लिहिलं होतं, डायहायड्रेट. म्हणजे स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू. ९० अधिक ३६ म्हणजे १२६, त्याचे निम्मे ६३. तोलायला हवं होतं १.५७५ ग्रॅम. "तुझं टायट्रेशन उत्तम झालं होतं," सर म्हणाले. "चूक वजनात होती. ती कुठे आहे ते रीडिंग सांगत होतं, आणि तू नेमकं तेच पुसलंस."

आणि शेजारच्या टेबलावरचे ते १०? त्यांनी १.५७५ हा आकडा सिनियरच्या जर्नलमधून उचलला होता. ६३ कुठून येतं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ही गोष्ट लांबवली, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. बारावीची केमिस्ट्री पाठांतरावर निघते. एफवायची लेखीही कदाचित निघेल. पण आकडा न समजता जुळवायची सवय एकदा लागली की पुढची दोन-तीन वर्षं नुसती जुळवाजुळवच चालते. नोकरीत तर ती चालतच नाही. आमच्याकडे निकाल मर्यादेबाहेर गेला की खोडता येत नाही. लिहिण्यात चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. मग कारण शोधायचं. कॉलेजातलं खोडरबर मी त्या दिवशी टाकलं नसतं तर इथे पहिल्याच महिन्यात अडकले असते.

आता गणित. तुला वाटतंय त्याहून कमी लागतं, पण जे लागतं ते पक्कं लागतं. सगळ्यात जास्त लागतं पाचवी-सहावीतलं त्रैराशिक: इतक्या ग्रॅममध्ये इतके मोल, तर इतक्या मिलीत किती. खरंच सांगते, पहिल्या वर्षी जे गळाले त्यातले बहुतेक या त्रैराशिकावर गळाले, श्रोडिंगरच्या समीकरणावर कुणी नाही. ते समीकरण फळ्यावर येतं, भीतीदायक दिसतं, पण या पातळीवर ते तुला कुणी सोडवायला लावत नाही. त्यातून निघणारे क्वांटम नंबर, ऑर्बिटलचे आकार, आणि क्रोमियममध्ये ४एस मधला एक इलेक्ट्रॉन ३डी मध्ये का दिसतो, एवढं समजलं तरी भागतं. त्रैराशिकानंतर लॉग आणि आलेखाचा चढ. कायनेटिक्समध्ये, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाच्या गणितात, २.३०३ हा आकडा सारखा येतो. आम्ही तो मंत्रासारखा पाठ केला होता. तो फक्त नॅचरल लॉगचा १० पायाचा लॉग करताना आलेला गुणक आहे, १० चा नॅचरल लॉग. हे कळलं की निम्मी सूत्रं पाठ करायची उरत नाहीत. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन थोडं येतं, पण त्यासाठी बारावीचं पुस्तक उघडून पंधरा दिवस बसलास तरी पुरे. आणि प्रत्येक पायरीला एकक लिही. ग्रॅम, मोल, मिली. उत्तराचं एकक विचित्र आलं की चूक कुठे आहे ते तुझं तुलाच दिसेल.

ऑरगॅनिकला मात्र गणित नाही, तिथे डोळ्यांपुढे आकार दिसावा लागतो. रिॲक्शनमधला वाकडा बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो आणि जिथे कमी आहेत तिकडे जातो. वर्गातली अर्धी मुलं उलटा काढतात, कारण कुणीतरी प्लसकडून बाण काढलेला असतो आणि बाकीचे उतरवून घेतात. स्टिरिओकेमिस्ट्रीला (रेणूतले अणू अवकाशात कसे मांडलेत ते) मी कणकेचे गोळे वापरले. मधला गोळा साधा, चार काड्या, टोकाला चार गोळे: एक पांढरा, एक हळदीचा, एक कुंकवाचा, एक कॉफीचा. तसाच दुसरा करायचा, फक्त दोन गोळ्यांची अदलाबदल. मग कितीही फिरवा, एकावर दुसरा बसत नाही. आर आणि एस (आरशातल्या प्रतिमेसारख्या अशा दोन मांडण्यांची नावं) म्हणजे काय हे मला त्या कणकेने शिकवलं, वर्गातल्या आकृतीने नाही. (जाता जाता: अस्सल कुंकू हळदीला चुन्याची निवळी देऊन करतात. म्हणजे माझे हळदीचा आणि कुंकवाचा हे दोन गोळे एकाच इंडिकेटरचे दोन रंग होते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तीच गोष्ट. आईने कणिक वाया घालवली म्हणून बोलणी घातली ती वेगळी.)

मराठी माध्यमाचं म्हणशील, तर पहिले दोन महिने जड जातात, नाही म्हणत नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने केले होते. प्रेसिपिटेट म्हणजे आपला दहावीचा अवक्षेप, कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, रिडक्शन म्हणजे क्षपण, न्यूट्रलायझेशन म्हणजे उदासिनीकरण. दिवाळीपर्यंत पान भरलं आणि नंतर उघडावंही लागलं नाही. तुला मराठी शब्दांतून अर्थ आधीच माहीत आहे, फक्त नाव नवं आहे. इंग्रजी माध्यमातल्या कित्येकांना नाव पाठ असतं आणि अर्थ नसतो, हे व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी कळतं.

व्हायवावरून आठवलं. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिकचं टायट्रेशन तुला येईलच. ते सल्फ्युरिक ॲसिड घालून, गरम करून, साधारण ६० ते ७० अंशांवर करतात. पहिला थेंब पडला की जांभळट गुलाबी रंग तसाच राहतो, जातच नाही. मी ओरडले, "सर, एंड पॉइंट आला!" ब्युरेटवर रीडिंग ०.२. वर्ग हसला. सर म्हणाले, हलवत राहा. काही सेकंदांत रंग गेला, आणि नंतरचे थेंब पडताक्षणी जाऊ लागले. रिॲक्शनमध्ये तयार होणारं मँगनीजच पुढच्या रिॲक्शनचा वेग वाढवतं. ऑटोकॅटॅलिसिस हा शब्द नंतर तासाला आला तेव्हा मला व्याख्या पाठ करावी लागली नाही. व्हायवात हमखास विचारतात: सल्फ्युरिक ॲसिडच का, हायड्रोक्लोरिक का नाही? कारण परमँगनेट क्लोराइडशीही रिॲक्शन करतं, क्लोरीन तयार होतो आणि रीडिंग वाढतं. आणि ब्युरेटमधलं परमँगनेट गडद असल्यामुळे द्रवाच्या पातळीची खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची.

केमिस्ट्री मेजर (मुख्य विषय) घ्यायची की मायनर (दुय्यम विषय), हे नव्या शैक्षणिक धोरणामुळे ठरवावं लागतं. प्रयोगशाळेत तीन-तीन तास उभं राहायला कंटाळा येत असेल तर मायनर ठेव, त्यात कमीपणा काही नाही. प्रवेशाआधी एक काम कर: त्या कॉलेजची लॅब बघून ये. मुलं स्वतः हाताने ब्युरेट लावतात की सर एकदा करून दाखवतात आणि बाकीचे रीडिंग उतरवतात, हे शिपायाला विचारलंस तरी सांगेल.

ॲप्रन सुती घे, नायलॉनचा नको. सिनियरकडून जुना मिळाला तर खुशाल घे. जर्नल मात्र मागू नकोस, कुणी आपणहून दिलं तरी.