हप्ता बिनव्याजी, पण कर्ज कुणाच्या नावावर?

तुमच्या प्रश्नात गुहागरचा पाऊस, जाणारी लाइट आणि रखडणारं नेट यांचं सविस्तर वर्णन आहे. खरी भानगड मात्र एका ओळीत उरकलीत: कोडिंगचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, फी ९०,००० रुपये, बिनव्याजी हप्ते, नोकरीची हमी, बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती ओळ वाचून लिहायला बसलो, कारण मीही त्याच खड्ड्यात पडलो होतो. प्रोग्रामिंगची कुठली भाषा आधी शिकायची, पायथन की जावास्क्रिप्ट, यात शिरत नाही. कुठलीही घ्या, फक्त पुढचे सहा महिने ती बदलू नका.

ते हप्ते बहुतेकदा फीचे नसतात. पॅन, आधार आणि ओटीपी दिलात की एखादी वित्त कंपनी तुमच्या नावावर कर्ज मंजूर करते. क्लासला फी एकरकमी मिळते, थोडी कापून. कापलेला तो तुकडा म्हणजेच तुमचं 'शून्य व्याज'. क्लासचं काम तिथे संपतं. पुढे शिकवणारा सोडून गेला, बॅच बंद पडली, तरी नॅचचा (बँकेतून आपोआप कापला जाणारा) हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जाणारच. खात्यात पैसे नसले तर बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग.

सगळ्यात महाग पडणारी चूक अशी: कोर्स रद्द झाल्याचं क्लासचं मेल म्हणजे कर्ज रद्द झालं असं समजणं. तसं होत नाही. मग टोलवाटोलवी. क्लास म्हणतो पैसे परत पाठवले, कंपनी म्हणते आमच्याकडे काही आलं नाही, मदतकक्षातला माणूस दर वेळी नवा आणि दर वेळी 'तक्रार नोंदवली आहे'. तक्रार क्रमांक मागितला की फोन कट. असो, रक्तदाब वाढतो.

(मी वकील नाही. नियम बदलतात, स्वतः पडताळा.) सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. कर्ज देणाऱ्याचं नाव, वार्षिक दर आणि कूलिंग-ऑफचे (कर्जातून माघार घेण्याचे) दिवस त्यात असतात. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंडाशिवाय सुटता येतं. मुदत टळली असेल तर कर्ज रद्द करायला सांगणारं एकच मेल क्लास आणि कंपनी दोघांना, विषयात कर्ज खाते क्रमांक. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जा, पैसे लागत नाहीत. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५. कर्ज मिटलं की ना-देय दाखला घ्या आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट बघा, वर्षातून एक फुकट मिळतो.

नोकरीच्या 'हमी'च्या अटी वाचा: हजेरी, चाचण्या, देशात कुठेही जायची तयारी. एक अट चुकली की हमी गेली. आणि मोठ्या पगाराचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्या मंडळींचा धंदा बऱ्याचदा कोर्स विकण्याचा असतो, कोड लिहिण्याचा नव्हे.

शिकायला फुकट पुष्कळ आहे. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स फुकट ऐकता येतात, पैसे फक्त परीक्षेला. फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी वेबसाइटही फुकट. पण व्हिडिओ बघून 'कळलं' वाटतं ते खोटं. व्हिडिओ बंद करून कोऱ्या फाइलवर तेच पुन्हा उतरवा. जमलं नाही तर कळलेलं नाही.

सरावाला टू-डू यादीचं ॲप हजारोंनी बनवलं आहे, तुम्ही शेजारच्या बागायतदारासाठी आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम बनवा. तिथे दोन गोष्टी हमखास फसतात. पहिली, भाव पेटीच्या तक्त्यात ठेवणं. वाशीच्या घाऊक बाजारातला भाव रोज हलतो. आज तो बदललात की मागच्या आठवड्याची बिलंही बदलतात. म्हणून भाव प्रत्येक विक्रीच्या ओळीत नोंदवा. दुसरी, पैसे दशांशात ठेवणं. ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतं. सगळ्या रकमा पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांत ठेवा (साडेबारा रुपये म्हणजे १२५०). मुलाखतीत हे दोन 'का' सांगता आले की प्रमाणपत्र कुणी फारसं विचारत नाही.

बायकोला आजच सांगा, पहिल्या हप्त्याचा मेसेज यायच्या आत. सहा महिने, महिन्याचा आकडा आणि सोडायची तारीख एका कागदावर मांडून. अभ्यासाची वेळही तिच्याशीच ठरवा. 'घरी आहे म्हणजे रिकामा आहे' ही समजूत गणपतीत चाकरमानी आले की दुप्पट होते, तेव्हा पहाटे ५ ते ७ सोडून दुसरी वेळ धरू नका.

राहिलं नेट. राउटरच्या छोट्या यूपीएसवर ८००० एमएएच लिहिलेलं असतं, ते ३.७ व्होल्टचं, म्हणजे जेमतेम ३० वॅट-तास. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १० वॅट खात असतील तर वाया जाणारी वीज धरून अडीच तास, खोक्यावर काहीही छापलेलं असो. गडगडायला लागलं की अडॅप्टर प्लगमधून उपसून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.