‘मॉड्युलो’साठी बाकी की शेष?

नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, संगणकातील ‘मॉड्युलो’ या, भागाकारानंतर उरणारी संख्या काढणाऱ्या क्रियेच्या उत्तराला मराठीत ‘बाकी’ म्हणावे की ‘शेष’, आणि बँकेच्या ॲपवर दिसणारी ‘शेष राशी’ मराठी मानावी का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खात्यात असते ती ‘शिल्लक’. ‘शेष राशी’ हिंदीतून आली असून, दोन्ही भाषा सतत कानांवर पडणाऱ्या नागपुरात ती खटकत नाही, एवढेच. तिथे ‘बाकी’ मात्र घालू नये, कारण हिशेबात बाकी म्हणजे येणे किंवा देणे, आणि ग्राहक उगाच धास्तावेल.

मॉड्युलोसाठी मी ‘बाकी’च सुचवेन. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी ही चौकडी शाळेपासून पाठ असते आणि क्रियाही तीच आहे. समजा, नागपूरहून 22 वाजता सुटलेली गाडी 15 तासांनी मुंबईला पोहोचते. ॲप 37 ला 24 ने भागते आणि बाकी उरलेले 13 वाजता हे उत्तर दाखवते. अडचण येते ती उलट हिशेबात. 3 वाजता पोहोचलेली गाडी 5 तासांपूर्वी कधी सुटली, हे काढताना −2 ला 24 ने भागावे लागते. पायथन ही संगणकभाषा 22 देते, तर सी आणि जावा या भाषांचे ‘%’ हे चिन्ह −2 देते. शाळेतली बाकी कधीच ऋण नसते, त्यामुळे सी शिकवताना हा फरक सांगूनच ‘बाकी’ वापरावी.

‘शेष’ शोभतो तो समासात. गणितातले ‘चिनी शेष प्रमेय’ रुळलेलेच आहे; गणितज्ञ गाउस यांनी 1801 च्या ग्रंथात मांडलेल्या, एकाच भाजकाने समान बाकी देणाऱ्या संख्यांच्या संबंधालाही ‘समशेष’ म्हणता येईल. ‘समबाकी’ कुणाच्या जिभेवर बसणार नाही.

एक सावधगिरी. बँक कार्डाचा क्रमांक तपासताना लुन यांच्या पद्धतीने दर दुसरा अंक दुप्पट करून, दुप्पट दोन अंकी आल्यास तिचे अंक मिळवून, सगळ्यांची बेरीज 10 ने भागतात. बाकी शून्य आली तर क्रमांक ग्राह्य. इथे ‘बाकी’ चपखल आहे. आधारचा शेवटचा अंक मात्र व्हरहॉफ यांच्या 1969 मधील पद्धतीने ठरतो, आणि तीत साध्या बेरजेऐवजी, अंकांचा क्रम बदलल्यास उत्तरही बदलू शकेल असे खास कोष्टक वापरतात. त्या अंकाला ‘बाकी’ म्हणणे चूक ठरेल. ‘तपासणी अंक’ म्हणावे.