अ‍ॅम्प घुमतोय, अर्थिंगची पिन काढू का?

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो, गिटारचा अ‍ॅम्प लॅपटॉपला जोडला की घूंऽऽ असा आवाज येतो, मित्र म्हणतो प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, काढू का?

उत्तर: अजिबात नाही हां, आवाज जाईलही पण शॉक बसला तर जिवावर बेतेल. आधी सगळ्या केबल काढून नुसता अ‍ॅम्प लावा, तरीही घुमला तर बहुतेक आतले फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारे भाग) गेलेत, तो आवाज 100 हर्ट्झचा, आणि ते काम मेकॅनिकचंच कारण स्विच बंद केला तरी त्यात चार्ज राहतो. लॅपटॉपची केबल लावल्यावरच सुरू झाला तर ग्राउंड लूप, म्हणजे दोघांच्या अर्थिंगमधून केबलवाटे फिरणारा करंट, त्याचा आवाज 50 हर्ट्झचा. मग दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, नाहीतर चार्जर काढून बघा. गिटार घेऊन गोल फिरल्यावर कमीजास्त होतोय? मग पिकअपच (गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा भाग) आसपासच्या वायरिंगची घरघर पकडतोय, सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, ती खोडच आहे.