आयर्लंडच्या दुष्काळात अनाथ झालेल्या पणजीचा माग कसा काढायचा?

‘दुष्काळात आईबाप गेले, मग बोटीने सिडनीला आली,’ एवढंच तुमच्या सासऱ्यांना त्यांच्या पणजीबद्दल ठाऊक आहे ना? साल 1848 ते 1850 मधलं असेल, तर ती बहुधा अर्ल ग्रे योजनेतली. आयर्लंडच्या वर्कहाउसांतल्या, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहांतल्या, 4,000 हून जास्त मुली या योजनेतून सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला पाठवल्या गेल्या. बहुतेकींचं वय 14 ते 20.

सुरुवात आयर्लंडपासून करू नका, हाती काही लागत नाही. 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत त्या काळची बहुतेक जनगणना जळाली. आधी ऑस्ट्रेलियातले लग्नाचे, मृत्यूचे, मुलांच्या जन्माचे दाखले काढा. मग सिडनीच्या आयरिश फॅमिन मेमोरियलच्या संकेतस्थळावर नाव शोधा.

खरं सोनं सिडनीला आलेल्या बोटींच्या याद्यांत आहे: वय, गाव, धर्म, वाचता-लिहिता येतं का, आईवडिलांची नावं. काही ‘अनाथ’ मुलींपुढे आई हयात असल्याची नोंद सापडते, तेव्हा पोटात कालवतं. प्रत्येकीला एक लाकडी पेटी मिळाली होती: 6 शमीज, 2 जोडी बूट, असं मोजून दिलेलं सामान.

आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, आयरिश आडनावांच्या सुरुवातीचा ‘ओ’ कधी आहे, कधी गळलाय. गाव कळलं, की त्या वर्कहाउसची रजिस्टरं पाहा. उत्तरेकडची बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात मिळतात.